दोन वाजताचा कागद

बाईंचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव लिहायचं नाही हा त्यांचाच दंडक, आणि तो मोडला तर माहेरच्या गिरीज गावाहून फोन करून त्या माझी खरडपट्टी काढतील. आमच्या सोसायटीत त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. माहेरच्या वाडीत त्या ‘आत्या’ होत्या. आपणही बाईच म्हणू.

त्यांची माझी ओळख झाली ती एका तक्रारीवरून. मी आमच्या चंदनसारच्या सोसायटीचा सेक्रेटरी. हे पद मला कर्तृत्वाने मिळालेलं नाही. ज्या मीटिंगला मी गैरहजर होतो, त्याच मीटिंगमध्ये ते मला एकमताने देण्यात आलं. तर एका शनिवारी चेअरमनसाहेबांचा फोन. “अहो, समोरच्या प्लॉटवर एक बाई बसते. शेंगा निवडते आणि मधूनच काहीतरी लिहून घेते. मला तर बिल्डरचं माणूस वाटतं. जरा चौकशी करा.” चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या सह्या जुळवून बघितलेल्या, त्यामुळे संशय हा त्यांचा स्थायीभाव.

हा प्लॉट म्हणजे चार इमारतींच्या मध्ये अडकलेला मोकळा तुकडा. बागेसाठी राखीव. म्हणजे बाग सोडून तिथे सगळं होतं. मुलांचं क्रिकेट, एक जांभळीचं झाड, वाळत घातलेल्या गाद्या, आणि एका कडेला जुनं, बंद पडलेलं पंपघर. त्या पंपघराला तीन रुंद पायऱ्या. त्यांच्या बाजूला, जांभळीच्या बुंध्याशी, बाई बसल्या होत्या. साठी कधीच ओलांडलेली, सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा. शेजारी पापडीच्या शेंगांची पिशवी आणि मांडीवर चक्क उलटा पोळपाट. त्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावलेला पातळ कागद.

“आपण कोण?” मी जमेल तितक्या सेक्रेटरीच्या आवाजात विचारलं.

“बी विंग, तीनशे चार. गेल्या महिन्यात तुम्हीच मला पार्किंगच्या नियमांचं पत्रक दिलंत. माझ्याकडे सायकलसुद्धा नाही.”

“आणि हे काय चाललंय?”

“पापडी निवडतेय.”

“तो कागद कसला?”

“आधी बाजूला व्हा बघू. तुमच्या मागे दोन बायका आहेत, त्या मोजायच्या राहतात.”

मी निमूट बाजूला झालो. तिथपासून पुढची चार वर्षं मी बाईंच्या सांगण्यावरून कुठून तरी बाजूला होतच राहिलो.

बाई एका सरकारी नगररचना कचेरीत ट्रेसर होत्या. इंजिनियर पेन्सिलीने नकाशा काढणार आणि बाई त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तोच नकाशा शाईने गिरवणार. तीस वर्षं हेच काम. रस्ता, इमारत, शाळा, दवाखाना, प्रत्येकाला आपापला रंग किंवा रेघा. “आणि मोकळी जागा असेल तर पांढरी सोडायची,” बाई म्हणाल्या. “तीस वर्षं पांढरं सोडलं हो मी. कधी उठून बघायला गेले नाही, की या पांढऱ्यात लोक करतात तरी काय. रिटायर झाले त्या दिवशी ठरवलं, आता तेच बघायचं.”

आणि बघत होत्या. सकाळी सहापासून दर दोन तासांनी एक कागद. खाली प्लॉटचा एकच पक्का नकाशा, झाड, पंपघर, विजेचा खांब सगळं जागच्या जागी दाखवलेला. त्यावर कोरा ट्रेसिंग पेपर. त्या क्षणी प्लॉटवर जो माणूस जिथे असेल, तिथे त्याची खूण. बाईला गोल, पुरुषाला त्रिकोण, मुलाला ठिपका. साठीच्या पुढचा असेल तर आडवी रेघ. चालत असेल तर मागे शेपूट. बस्स. मग आठवडाभराचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. रोज माणसं बसतात ती जागा काळीकुट्ट दिसते. कोणी फिरकत नाही ती पांढरीच राहते.

“आणि नावं?”

“नाव लिहिलं की ती चुगली. नाव नसलं तरच अभ्यास,” बाई म्हणाल्या आणि एक किडकी शेंग बाजूला फेकली.

आता खरी गंमत सांगतो. बाई पापडी निवडत होत्या त्याच दिवसांत आम्ही चार सोसायट्या मिळून तो प्लॉट महानगरपालिकेकडून दत्तक घ्यायला निघालो होतो. योजना माझीच, आणि मला तिचा केवढा अभिमान! चारी बाजूंनी रेलिंग, मोठं गेट, सकाळ-संध्याकाळ उघडं आणि दुपारी कुलूप. पंपघर पाडून तिथे कारंजं. पुढे ‘आय लव्ह चंदनसार’ अशी लाल इंग्रजी अक्षरं, फोटो काढायला. मी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म पाठवून लोकांची मतंही घेतली होती. झाडून सगळ्यांना कारंजं हवं होतं. मी तो फॉर्म मोठ्या ऐटीत बाईंना दाखवला.

बाईंनी चष्मा वर करून तो वाचला. “छान आहे. पण फॉर्म भरणारे इथे येत नाहीत, आणि इथे येणारे फॉर्म भरत नाहीत. त्याचं काय करायचं?”

“म्हणजे?”

“माणसाला विचारलं की तो शहाण्यासारखं उत्तर देतो. वागतो मात्र स्वतःसारखा. म्हणून विचारू नये, बघावं.” मग त्यांनी पिशवीतून कागदांची चवड काढली आणि त्यातला एक माझ्या हातात दिला. वर बारीक सुरेख अक्षरांत लिहिलं होतं, ‘दुपारी दोन’. पंपघराच्या पायऱ्यांवर गोलांची नुसती गर्दी.

“छे हो, दोनला इथे कोणी नसतं. ऊन असतं.”

“तुम्ही कुठे असता दोनला?”

“अंधेरीला. ऑफिसात.”

“मग?” बाई म्हणाल्या. त्यांचा हा ‘मग’ भल्याभल्यांची बोलती बंद करायचा.

मी इरेला पेटलो. एका बुधवारी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, हातात पॅड आणि पेन घेतलं, आणि बरोबर दोनला प्लॉटवर जाऊन उभा राहिलो. त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही मला घाम फुटतो. पपईवाल्याने मला पाहिलं आणि गाडी घेऊन जी धूम ठोकली, ती थेट नाक्यापर्यंत. त्याला वाटलं अतिक्रमणवाले आले. गादी वाळत घातलेल्या आजींनी गादी उचलली. एक गृहस्थ मात्र धावत आले आणि आमच्याकडे चार दिवस पाणी नाही म्हणून अर्धा तास मला झाडत राहिले. मी महानगरपालिकेचा नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पायऱ्यांवरच्या बायका माझा शर्ट बघूनच उठून गेल्या. एकच मागे राहिली. तिच्या मांडीवर उघडा डबा होता आणि तो तिला लवकर बंद होईना.

ती आमची सुनंदा होती. सहा वर्षं आमच्या घरी भांडी-लादी करणारी.

“दादा, तुम्ही? सुट्टी काय आज?” ती डबा पदराआड घेत म्हणाली.

“तू इथे जेवतेस?”

“आम्ही सगल्याच. सकाळची कामं एकला आटपतात, संध्याकाळची चारला लागतात. मधी घरी जायचं तर चालत पाऊण तास. जाऊन परत यायचं कधी? हितं सावली असते. पाठ टेकता येते जरा.” मग डब्याचं झाकण दाबत तिने विचारलं, “दादा, हे पंपघर पाडनार म्हनतात. खरं हाय का?”

त्या योजनेच्या कागदावर सेक्रेटरी म्हणून माझी सही होती. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! सहा वर्षं तिला रोज सकाळी ‘ये’ म्हणालो आणि दारातून गेल्यावर ती कुठे जाते हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. “बघू,” असं काहीतरी पुटपुटत मी घरी आलो.

संध्याकाळी बाईंना सगळं सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. “पॅड घेऊन गेलास? अरे बाबा, पॅड घेऊन गेलं की माणसं पळतात नाहीतर गाऱ्हाणी सांगतात. हातात शेंगा असाव्यात. शेंगा निवडणाऱ्याकडे कोणी बघत नाही.” ‘तुम्ही’वरून त्या ‘तू’वर आल्या होत्या. म्हणजे परीक्षेत नापास झालो तरी वर्गात घेतलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी त्या मला पाचूबंदरच्या कोळीवाड्यात घेऊन गेल्या. म्हणाल्या, “चल, तुला बसायचं कसं ते शिकवते.” किल्ल्यामागे बोटी लागलेल्या, मासळीचा लिलाव नुकताच उरकलेला. पुढच्या मोकळ्या पटांगणात बायका जवळा वाळत घालत होत्या. इतक्या दाटीने, की पाऊल टाकायला जागा नाही. मधे एक पलंगाएवढा तुकडा तेवढा स्वच्छ झाडलेला आणि रिकामा. मी रुमाल अंथरला आणि ऐसपैस बसलो.

“ओ भाऊ! उठा, उठा!” एक कोळीण हातातली पाटी टाकून आली. “ती अंजीची जागा हाय.”

“अंजी कुठे आहे?”

“भावाच्या घरी गेली, लग्नाला. आठ दिस झाले.”

“मग आठ दिवस ही रिकामीच? तुम्हाला जागा अपुरी पडते, आणि...”

“रिकामी कशी? तिचीच हाय ना! झारून ठेवतो आम्ही.” ती माझ्याकडे, एवढंही कळत नाही का या माणसाला, अशा नजरेने बघत होती.

“पण कुठे लिहिलंय?”

त्यावर आजूबाजूच्या चार-पाच जणी खो-खो हसल्या. “लिवायला कशाला पायजे? सगल्यांना म्हाईत हाय. जा, तकडं सावलीत बसा, पानी देते.”

बाई एव्हाना त्या बायकांत मांडी घालून जवळ्यातला कचरा वेचायला लागल्या होत्या. पोळपाट नाही, कागद नाही. परतताना बसमध्ये मी म्हटलं, “तुम्ही तर आज काही टिपलंच नाहीत.” तर म्हणाल्या, “रिकामी जागा आणि राखलेली जागा कागदावर सारखीच दिसते. तिच्यासाठी मला अजून खूण सापडलेली नाही.” आपल्या कामात काहीतरी उणं आहे हे इतक्या सहज कबूल करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

एरवी मात्र त्यांच्या या बघण्याने लोकांना वैताग येई. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला हॉल घेतला होता, तिथे यांनी कागदी रुमालावर नकाशा काढला आणि केक कापायच्या ऐन वेळी मला बोलावून म्हणाल्या, “स्टेजजवळ कोणी नाही बघ. सगळे पंख्याखाली. टेबल तिकडे ने.” नेलं. पंख्याने मेणबत्त्या विझल्या आणि मुलीने भोकाड पसरलं. बाईंनी शांतपणे रुमालावर लिहिलं, ‘मेणबत्त्यांचा विचार राहिला.’ चूक झाली तरी ती नोंदवायचीच.

अखेर ती मीटिंग आली. रविवारी सकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये. महानगरपालिकेचे एक तरुण इंजिनियर योजना बघायला आलेले. चारी सोसायट्यांचे लोक. आज ‘हो’ म्हटलं की पंपघर पडणार आणि गेटला कुलूप लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागे दाराशी सुनंदा आणि आणखी दोघी उभ्या होत्या. त्यांना खुर्ची द्यायचं कोणाला सुचलं नाही. मी दिली, पण त्या बसल्या नाहीत.

चेअरमननी कारंज्याचं रंगीत चित्र दाखवलं, टाळ्या झाल्या. मग मी उठलो आणि म्हणालो, “बाईंना काही दाखवायचं आहे.” चेअरमननी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरचाच भेदी.

बाई बोलल्या जवळजवळ नाहीतच. पूर्वेच्या खिडकीपाशी गेल्या आणि सेलोटेपने काचेवर कागद लावायला लागल्या. दुपारी दोनचे सात कागद, सात दिवसांचे, एकावर एक. मागून ऊन आलं आणि पायऱ्यांची जागा गोलांनी काळी झाली. चेअरमनच्या चित्रात जिथे रेलिंगच्या कडेने बाक होते, तिथे पांढरंफटक.

“पण या बायका बाहेरच्या आहेत,” सी विंगचे एक गृहस्थ म्हणाले. “बाग आपल्यासाठी.”

माझं डोकं फिरलं. “बाहेरच्या कशा? यातला एक गोल रोज सकाळी आमच्या घरात येतो. तुमच्या घरात कुठला येतो ते बघा जरा. सुनंदा...”

“नाव नको!” बाई गरजल्या. मी खाली बसलो. पण दाराशी सुनंदा पहिल्यांदाच हसली, आणि लोकांनी मागे वळून बघितलं. बऱ्याच जणांना आपापला गोल सापडला असावा. कुजबुज सुरू झाली.

एवढ्यात इंजिनियरसाहेबांनी बाईंनी शेजारी लावलेले सकाळचे कागद आणि कोपऱ्यातली खुणांची यादी न्याहाळत विचारलं, “आणि हा त्रिकोण कोण? पहाटे सहा. रोज एकटाच, पंपघराच्या मागे. आडवी रेघ म्हणजे साठीच्या पुढचे. सातही दिवस चुकलेले नाहीत!”

मी चेअरमनकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम. दुसऱ्या रांगेत त्यांच्या सौ. बसलेल्या. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी चेअरमनची सिगरेट बंद केली होती, आणि ती बंद आहे यावर सौंचा पूर्ण विश्वास होता.

“कोण आहेत ते?” सौंनी कुतूहलाने विचारलं.

बाईंनी चष्मा पुसला. सावकाश पुसला. “नावं मी लिहीत नाही आणि सांगतही नाही. माणसाला दिवसातून दहा मिनिटं एकटं उभं राहायला जागा लागते. इतकंच त्या त्रिकोणाचं म्हणणं आहे.”

चेअरमन खाकरले. मग म्हणाले, “मी काय म्हणतो, पंपघर तसं मजबूत आहे. जुनं बांधकाम. पाडायचं कशाला? आणि कुलूपबिलूप म्हणजे किल्ली सांभाळायची कटकट.” मी हसू दाबायला टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला लागलो. पेन माझ्या खिशातच होतं.

पंपघर राहिलं. रेलिंग आलं, पण गेटला कुलूप नाही. इंजिनियर म्हणाले, बाई, नवा नकाशा तुम्हीच काढून द्या. बाईंनी तो शाईने काढला. पायऱ्यांवर पत्र्याची एक पडवी वाढवली आणि स्वतःहून एकच गोष्ट मागितली, पायऱ्यांजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ. लाल अक्षरं मात्र आली. बाई म्हणाल्या, असू देत, मुलं ‘ओ’मध्ये बसतील. बसतात.

पुढे वर्षभराने बाईंच्या डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. त्रिकोण कुठला आणि गोल कुठला हे त्यांना उमगेना. तेव्हा मी शेजारी बसून खुणा करायचो आणि त्या शेंगा निवडायच्या. मग तेही सुटलं. दुपारी त्या पोळपाट घरीच ठेवून यायला लागल्या आणि सुनंदा वगैरेंच्या मध्ये, मधल्या पायरीवर, भिंतीला टेकून बसायला लागल्या. कोणाच्या डब्यातली सुकट चाखायची, कोणाच्या मुलीचा अभ्यास घ्यायचा. गेल्या दिवाळीनंतर भाऊ त्यांना गिरीजला घेऊन गेला. जाताना नकाशा, शाई आणि तो पोळपाट माझ्या हवाली केला. “महिन्यातून एक आठवडा तरी कर,” म्हणाल्या. “जागा बदलत राहतात. बघणाऱ्याने थांबू नये.”

गेल्या महिन्यात रजा काढून मी दोनचा कागद करायला गेलो. साधा शर्ट, हातात शेंगा. आता मला कोणी घाबरत नाही. पायऱ्यांवर आठ जणी दाटीवाटीने बसलेल्या, दोघी तर खाली जमिनीवर. मधल्या पायरीवर भिंतीलगत एका माणसापुरती जागा रिकामी. मी सहज तिकडे टेकायला गेलो.

“दादा, तिथं नको,” सुनंदा म्हणाली. “ती बाईंची जागा हाय.”

पायरी पुसलेली होती. बाकी दोन्ही पायऱ्यांवर जांभळांचे डाग, इथे एक नाही. मी पोळपाट घेऊन खाली मातीत बसलो. सगळ्या गोलांच्या खुणा केल्या. त्या जागेशी आल्यावर पेन अडलं. शेवटी पांढरं सोडलं आणि तसाच स्कूटर काढून गिरीजला गेलो.

बाई वाडीत केळींच्या सावलीला ओट्यावर बसल्या होत्या. मला आवाजावरूनच ओळखलं त्यांनी. “कागद आणलास? सांग, किती गोल?”

मी सांगितले. मग ती पायरी सांगितली. आठ जणी, दोघी खाली मातीत, आणि मधे जागा राखून ठेवलेली.

बाई ताडकन सरळ झाल्या. “काय मेल्या अडाणी आहेत! एवढी सावलीतली जागा अडवून ठेवली? मी काय आता तिथे येणार आहे? दोन दोन बायका मातीत बसतात आणि... माझी एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात! उद्याच्या उद्या सांग त्यांना, बसा म्हणावं.”

“सांगतो,” मी म्हटलं.

चहा झाला. भावाने केळीचा फणा बांधून दिला. मी पोळपाट पिशवीत घातला, बाईंच्या पाया पडलो आणि वाडीच्या फाटकाशी येऊन स्कूटर सुरू केली. तेवढ्यात मागून हाक आली. बाई ओट्याच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या होत्या, तोंड माझ्या दिशेने, पण मी नक्की कुठे आहे ते न दिसल्यामुळे थोडं बाजूला.

“अरे!”

मी स्कूटर बंद केली. “काय बाई?”

त्यांनी पदर सारखा केला. मग लाजल्यासारखं हसल्या.

“इतक्यात सांगू नको.”